दशावताराची पेटी आणि तिच्यावरची नावे

दशावतारी मंडळींविषयी पेडण्यापासून कुडाळपर्यंतच्या मुलखात एक म्हण प्रचारात आहे : 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.' रात्रभर देवळाच्या प्रांगणात जो नट इंद्र किंवा दुर्योधन म्हणून गर्जत होता, तोच उजाडल्यावर सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या जत्रेची वाट धरीत असे. आज मंडळ्या गाडीने प्रवास करतात, तरी पेटाऱ्याचे महत्त्व ओसरलेले नाही. मुकुट, शस्त्रे, वस्त्रे आणि गणपतीचा मुखवटा ज्यात राहतात, तो पेटारा नटाला केवळ सामानाचा डबा वाटत नाही. खेळाला आरंभ होण्यापूर्वी रंगपटात त्या मुखवट्याची पूजा होते, आणि मगच मृदंगावर थाप पडते.

वस्तू कशात ठेवावी याचा विचार आपल्या समाजाने पूर्वीपासून केलेला आहे. पोथीला लाकडी फळ्या आणि वर तांबडे बासन, देवाला देव्हारा, उत्सवमूर्तीला पालखी, अशी ही व्यवस्था आहे. आतल्या वस्तूची योग्यता बाहेरच्या वेष्टनावरून पाहणाऱ्यास कळावी, आणि वेष्टनाने आतल्या वस्तूवर कुरघोडी करू नये, हा त्या व्यवस्थेमागचा विवेक होय. प्रस्तुत लेखात ज्या कामाचा परामर्श घ्यावयाचा आहे, ते याच विवेकाची परीक्षा पाहणारे असल्यामुळे हा थोडा प्रस्ताव करावा लागला.

पेडणे महालातील एका विद्यार्थिनीने उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमासाठी केलेला एक प्रकल्प आमच्या पाहण्यात आला. विषय होता डीव्हीडीचे वेष्टन. तिने दोन पेट्या केल्या आहेत. पहिली पेडणे भागातील दशावताराची. दुसरी डिचोली महालातील शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेची. मोर्जेची मोरजाई आणि शिरगावची लईराई या सात बहिणींपैकी दोघी, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. तेव्हा पेडणे आणि डिचोली यांची ही जोडी नात्याला धरूनच आहे. पेट्यांच्या आतल्या तबकड्या मात्र कोऱ्या आहेत. विद्यार्थ्यांच्या कामात तसेच असावयाचे. चित्रपट नसतो, त्याचे वेष्टन तेवढे करून दाखवावयाचे असते. विद्यार्थिनीचे नाव आम्ही येथे देत नाही. काम अद्याप शिकाऊ आहे आणि चर्चा कामाची व्हावी, व्यक्तीची होऊ नये, हे त्याचे कारण.

कोणी विचारील की, डीव्हीडीच आता कोण घेतो? १९९६ च्या अखेरीस जपानात प्रथम विक्रीस आलेली ही तबकडी दहा-पंधरा वर्षे घरोघरी नांदली आणि ओसरली. नव्या संगणकांत तिच्यासाठी खाचसुद्धा ठेवीत नाहीत. आमच्या मते हा आक्षेप विषयाला बाधक नाही. बारा सेंटिमीटर व्यासाची तबकडी, सुमारे एकोणीस सेंटिमीटर उंचीची पेटी, पुढची बाजू, मागची बाजू, मधला अरुंद कणा, तबकडीचा दर्शनी भाग आणि आत सरकवलेले पान, एवढ्या जागांवर एकाच गोष्टीची मांडणी करावयाची, ही शिस्त विद्यार्थ्याला उपकारकच आहे. कोठे काय सांगावे आणि कोठे गप्प राहावे, हे त्यातून कळते. शिवाय जी वस्तू काळाच्या ओघात मुकी होणार आहे, तिच्या पेटीवरची जबाबदारी अधिकच वाढते. हा मुद्दा पुढे येईल.

प्रथम गुणांचे बोलू. दशावताराच्या पेटीचा आकार ठरविताना विद्यार्थिनीने बाजारातील काळ्या प्लास्टिकची पेटी नाकारली आणि सावंतवाडीच्या गंजिफांची डबी डोळ्यांसमोर ठेवली. ही निवड अत्यंत समर्पक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे आणि डिचोली हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. तेव्हा सावंतवाडीच्या चिताऱ्यांची कला ही या मुलखाला परकी नव्हे. दशावतारी गंजिफांचा जोड एकशेवीस पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंत पाने. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. पाने गोल, लाखेचा हात दिलेली, आणि ती ठेवावयास रंगविलेली लाकडी डबी. गोल वस्तू, चौकोनी डबी आणि आत दशावतार! डीव्हीडी जन्मण्यापूर्वी शतकानुशतके आपल्या चिताऱ्यांनी हा प्रश्न सोडवून ठेवला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ही विद्या मरणपंथाला लागली असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून ती जगविली. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती त्यांनी उचलली. त्या श्रमांचे फळ आज एका विद्यार्थिनीच्या कामात दिसावे, ही समाधानाची गोष्ट आहे.

त्याहून सूक्ष्म गुण आहे तो तबकडीच्या दर्शनी भागाचा. गंजिफांची पाठ एकरंगी आणि साधी असते, कारण पाठीवरून पान ओळखू येता कामा नये. विद्यार्थिनीने तबकडी तशीच, सबंध तांबडी, नक्षीविरहित ठेवली आहे. बाजारातील भक्तिपर तबकड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना या संयमाची किंमत कळेल. तेथे देवाचे चित्र तबकडीभर छापतात, आणि मधले पंधरा मिलिमीटरांचे भोक नेमके देवाच्या छातीवर किंवा मुखावर येते. तबकडी काढताना बोट तेथेच घालावे लागते. हे छापणाऱ्याला खटकत नाही आणि घेणाऱ्यालाही खटकत नाही, ही सवयीची किमया होय. ज्या घरात फाटलेल्या कॅलेंडरावरील देवसुद्धा कचऱ्यात न टाकता पिंपळाच्या पारावर किंवा वाहत्या पाण्यात नेऊन ठेवतात, त्या घरासाठी आपण वस्तू घडवीत आहोत, याची जाणीव या तांबड्या तबकडीत दिसते.

तबकड्या दोन केल्या, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. पहिलीवर 'आडदशावतार', दुसरीवर 'आख्यान'. नाईकाचे गायन, रिद्धिसिद्धींसह गणपती, मोरावर बसलेली सरस्वती, भटजी, ब्रह्मदेव, संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू, हा आडदशावताराचा भाग अलीकडे पुष्कळ ठिकाणी आटोपता घेतात किंवा गाळूनच टाकतात. प्रेक्षकाला युद्ध पाहण्याची घाई असते. त्या उपेक्षित भागाला स्वतंत्र तबकडी देऊन विद्यार्थिनीने वेष्टनाच्या मांडणीतूनच एक मत व्यक्त केले आहे. पेटी उघडणाऱ्याच्या हाती प्रथम गणपती येतो आणि युद्ध नंतर, हा क्रम देवळातला आहे.

आता दोषांकडे वळू. पेटीच्या पुढच्या बाजूवर संकासुर आहे. काळा पोशाख, चेहरा झाकणारे काळे कापड, बाहेर लोंबणारी लाल जीभ. चित्र म्हणून ते ठसठशीत आहे. दुकानाच्या फळीवर दहा पेट्यांत हीच नजरेत भरेल. परंतु विद्यार्थिनीने त्याला काळोखातून झेपावणारा, भय उत्पन्न करणारा असा काढला आहे. परदेशी भयपटाच्या जाहिरातीत शोभेल असा हा संकासुर आमच्या देवळाच्या अंगणातला नव्हे. वेद चोरणारा हा दैत्य रंगभूमीवर येतो तो लोकांना हसवावयास. देव आणि राजे ग्रांथिक मराठीत बोलत असतात, तेथे हा गावच्या बोलीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो, पंचायतीपासून महागाईपर्यंत सर्वांवर टीका करतो. पोरे त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. हे भय आणि हे हसू यांची सरमिसळ चित्रात उतरविणे कठीण आहे हे आम्ही जाणतो. पण ज्याने अर्धी गोष्ट सोडून दिली त्याने कठीण काम टाळले, असेच म्हणावे लागेल. पाहणारा परका असता तर हे चित्र चालले असते. ही विद्यार्थिनी तर त्याच महालात वाढलेली आहे.

दुसरा दोष कडांवरच्या नक्षीत आहे. कोकणपट्टीतील जुन्या देवळांच्या भिंतींवर जी कावी कला दिसते, तिचा आधार येथे घेतलेला आहे. हेतू उत्तम, परंतु कावीचे रूप घेतले आणि रीत सोडली. कावीत भिंतीवर पांढऱ्या चुन्याचा गिलावा देऊन त्यावर तांबडी काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर चढवितात, आणि तो ओला असतानाच लोखंडी अणकुचीदार हत्याराने खरवडून आतला पांढरा रंग उघडा करतात. म्हणून कावीत तांबड्याची भरीव आकृती राहते आणि तिच्या अंगावरची बारीक रेघ पांढरी असते. कारागीर रेघ काढीत नाही, रेघ कोरतो. प्रस्तुत पेटीवर मात्र पांढऱ्या कागदावर एकसारख्या जाडीच्या तांबड्या रेघा ओढलेल्या आहेत. पाहणाऱ्याला रंग ओळखीचा वाटतो, पण आकृतीला वजन येत नाही. संगणकावर हीच नक्षी तांबड्या पार्श्वभूमीतून पांढरे कापून काढीत केली असती, तर साधन नवे असूनही रीत जुनी राहिली असती.

तिसरा मुद्दा अक्षरांचा. पेटीवरचे मोठे नाव रोमी लिपीत आहे; देवनागरी त्याखाली, लहान आणि फिकट. विक्रीच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. पण दशावताराचा रंगमंच स्वतःच दुभाषी आहे. देवाची मराठी आणि संकासुराची बोली एकाच रात्री, एकाच अंगणात, एकमेकींचा मान राखून नांदतात, आणि प्रेक्षकाला कोणी अर्थ सांगत बसावे लागत नाही. ही गोष्ट पेटीवर आणता आली असती. आख्यानाचे नाव मराठीत, संकासुराच्या तोंडचे चार शब्द कोंकणीत, दोन्ही देवनागरीत आणि दोन्ही ठळक, अशी मांडणी विषयातूनच निघते. रोमी अक्षरे कण्यावर असली तरी दुकानदाराचे काम भागते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मुखपृष्ठाची कला ही दुय्यम, पोटापाण्याची कला होय, असा समज अद्यापि आहे. निदान गोमंतकीयांनी तरी तो बाळगू नये. मराठी पुस्तकाला आणि दिवाळी अंकाला ज्यांनी चेहरा दिला त्यांतले दोन अग्रणी चित्रकार या भूमीचे. मडगावी १९१६ मध्ये जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ पासून 'दीपावली' हा अंक चालविला आणि शेकडो पुस्तकांची मुखपृष्ठे सजविली. रघुवीर मुळगावकरांचे तर आडनावच डिचोली महालातील मुळगावची आठवण देते. त्यांनी रंगविलेले देवदेवता कॅलेंडरांच्या रूपाने आपल्या कितीतरी घरांत पोचले. या दोघांच्या मार्गांत फरक आहे, आणि दोघांच्याही मर्यादा दाखविता येतील. पण मुखपृष्ठावर चित्रकाराने आपली सही ठळक करावी, ही गोष्ट त्यांच्या काळी सर्वमान्य झाली. वाचक अंक विकत घेताना दलालांचे चित्र आहे की मुळगावकरांचे, हे पाहत असे. नावाचा हा संदर्भ ध्यानात ठेवून आता पेटी उलटून पाहू.

पेटीच्या मागच्या बाजूवर तीन लहान छायाचित्रे आहेत आणि त्यांखाली बारीक अक्षरांत मजकूर. अक्षरांची बैठक, ओळींमधील अंतर, समास, सर्व काही नेटके. मजकूर वाचू लागलो आणि थांबलो. तो लॅटिन आहे. मुद्रणाच्या व्यवसायात जागा भरण्यासाठी 'लोरेम इप्सम' म्हणून जो निरर्थक मजकूर घालतात, तोच. रोमन वक्ता सिसरो याने ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमारास लिहिलेल्या एका तत्त्वज्ञानविषयक ग्रंथातील वाक्यांची मोडतोड करून तो झालेला आहे. मजकूर वाचण्यात लक्ष गुंतू नये आणि मांडणीच दिसावी, एवढाच त्याचा उपयोग. जगभरचे विद्यार्थी तो वापरतात. तेव्हा या विद्यार्थिनीने काही अपूर्व अपराध केला आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या जागी नाईकाचे नाव हवे, मृदंग वाजविणाऱ्याचे, पायपेटी वाजविणाऱ्याचे, झांज धरणाऱ्याचे, स्त्रीपार्टी नटाचे नाव हवे, ज्या देवळासमोर खेळ झाला त्या देवस्थानाचे आणि त्या तिथीचे नाव हवे, नेमक्या त्या जागी सिसरोची मोडकी वाक्ये बसलेली आहेत. हा या कामातील सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो एकट्या विद्यार्थिनीचा नाही.

कोणी म्हणेल, चित्रपटच नाही तर नावे कोठून आणावीत? हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. पुढच्या बाजूचा संकासुर काही कोऱ्या तबकडीतून आलेला नाही. तो तिने गावच्या जत्रेत पाहिला असला पाहिजे. कावी देवळात पाहिली, गंजिफा सावंतवाडीला पाहिल्या. ज्या नटाने संकासुर उभा केला त्याला नाव होते. विचारले असते तर ते मिळाले असते. रूप टिपून घ्यावे आणि रूप घेणाऱ्याचे नाव विचारू नये, ही सवय आज फार पसरली आहे. लोककला म्हटली की ती कोणा एकाची नसते, असे आपण मोठ्या आदराने म्हणतो आणि त्या आदराच्या आड माणसाला विसरतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. पुराणातले कथानक ठरलेले असते. संवाद नट ऐन वेळी रचतो. म्हणजे येथे नट हाच नाटककारही आहे. लेखकाचे नाव न घालता नाटकाचे पुस्तक छापावयास कोणी धजणार नाही. मग या नाटककाराने काय केले आहे?

आपल्या परंपरेत नावाची उपेक्षा नव्हती. पोथीची नक्कल करणारा साधा लेखक शेवटी पुष्पिकेत शक, तिथी, गाव आणि आपले नाव लिहून ठेवीत असे. डिचोली महालातील नार्वे येथे श्री सप्तकोटीश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये आरंभिला, हे आपण छातीठोकपणे सांगतो ते तेथील शिलालेखाच्या बळावर. शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार आणि राजाचे नाव, इतके सर्व त्या थोड्या शब्दांत आहे. ज्याला आज पेटीची मागची बाजू म्हणावयाचे, तिचा याहून चांगला नमुना आम्हांला ठाऊक नाही. आणि गावच्या गाऱ्हाण्यात काय असते? ग्रामदेवता, सीमेवरचे देव, पूर्वज, मानकरी, आणि ज्याच्यासाठी गाऱ्हाणे घालावयाचे तो माणूस, यांची क्रमवार नावे घेतल्यावाचून मागणे पुढे सरकत नाही. ज्या देवळासमोर कोणाचाही नामोल्लेख चुकू नये म्हणून इतकी दक्षता घेतात, त्याच देवळासमोरचा खेळ पेटीत जाताना निनावी व्हावा, हे विसंगत आहे.

तबकडीचा इतिहासही हेच शिकवितो. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रित झाले तेव्हा तबकड्या छापण्याचे काम जर्मनीत हॅनोव्हरला होत असे. तेथील कामगारांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःच इंग्रजीत आपले नाव उच्चारी. पुढे तबकडीच्या मधल्या कागदावर नाव छापण्याची पद्धत रूढ झाली आणि ही घोषणा बंद पडली. परंतु कागद फाटला तरी तो आवाज आपले नाव अजून सांगतो आहे.

याच्या उलट दुसरे उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि तिच्यावर पृथ्वीवरील निवडक संगीतात फोंडा महालातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहां हो' ही भैरवी आहे. त्या तबकडीचे वेष्टन ॲल्युमिनियमचे असून त्यावर तबकडी कशी वाजवावी याच्या आकृती कोरल्या आहेत, आणि चौदा स्पंदताऱ्यांच्या साहाय्याने सूर्याचे स्थान दाखविले आहे. वाचणारा मानवी भाषा जाणत नसेल आणि वाजविण्याचे यंत्रही त्याच्याजवळ नसेल, असे गृहीत धरून ते आखलेले आहे. आणि त्या दृष्टीने ते वेष्टनकलेचा एक अजोड नमुना होय. पण त्या वेष्टनावर केसरबाईंचे नाव नाही, कोणत्याच गायकाचे नाही. परग्रहावरच्या वाचकाला नावाचा उपयोग नाही, हे खरे. आपला वाचक मात्र परग्रहावरचा नाही. केसरबाईंचे १६ सप्टेंबर १९७७ रोजी, दुसरे यान सुटल्यावर अकराव्या दिवशी, निधन झाले. त्यांचा आवाज कोठवर गेला आहे हे आपण आज सांगू शकतो, ते पृथ्वीवर कोणीतरी नाव लिहून ठेवले म्हणून.

मघाशी म्हटलेला मुद्दा येथे पुरा होतो. डीव्हीडी मुकी होत चालली आहे. आमच्या हवेत, चार महिन्यांच्या पावसाच्या ओलीत, तबकडीवर बुरशी धरते. आणि ती शाबूत राहिली तरी वाजवावयास यंत्र नसेल. वीस वर्षांनी एखाद्या घरच्या माळ्यावर ही पेटी सापडली तर नातवाच्या हाती येईल ते एवढेच : पेटी आणि तिच्यावरची अक्षरे. ती अक्षरे लॅटिन असली तर त्याला एक सुबक खोके सापडले. त्यावर नावे, गाव आणि तिथी असली तर त्याला एक कागदपत्र सापडले, आणि तो त्या नटाच्या घरचा पत्ता विचारीत जाऊ शकेल.

या बाबतीत ज्या वस्तूकडे कला शिकणारे नाक मुरडतात, ती पुढे आहे. तियात्रांच्या तबकड्यांची वेष्टने आठवावीत. वीत-दीड वीत जागेत डझनभर चेहरे, भडक रंग, तीन-चार प्रकारची अक्षरे, मोकळी जागा औषधालाही नाही. अभिरुचीच्या दृष्टीने त्यांचे समर्थन करणे कठीण. परंतु त्या गर्दीत लेखकाचे नाव असते, नटांची असतात, गाणाऱ्यांची असतात. आपल्या विद्यार्थिनीची पेटी तिच्याहून शतपटीने देखणी आहे आणि तिच्याहून कमी बोलते.

दुसऱ्या पेटीविषयी थोडक्यात. लईराईच्या जत्रेच्या पेटीवर पुढे होमकुंडाच्या ज्वाळा आहेत, आणि त्यांतून धावणारी एक छायाकृती. छायाचित्रकारांनी हे दृश्य इतके वापरले आहे की त्यात नवे काही उरलेले नाही. शिवाय ज्वाळा हा व्रताचा शेवटचा क्षण आहे. त्याआधीचे धोंडांचे उपास, सोवळे, तळीवरचे स्नान, मोगऱ्याच्या माळा, हे सर्व त्या ज्वाळांच्या आड जाते. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. त्यानंतर त्या गर्दीचे आणि आगीचे चित्र नेत्रसुखासाठी वापरताना कोणाही चित्रकाराचा हात क्षणभर थांबावयास हवा. विद्यार्थिनीला याचे भान अगदीच नाही असे नव्हे. पेटीच्या कण्यावर तिने धोंडांच्या हातातील रंगीत गोंड्यांची वेताची काठी उभी काढली आहे आणि आतल्या पानावर केवळ मोगऱ्याच्या कळ्या. या दोन जागा इतक्या शांत आणि अर्थपूर्ण आहेत की, ज्वाळा आत ढकलून कळ्या पुढे आणल्या असत्या तर ही पेटी पहिलीहून सरस ठरली असती. तिच्या मागच्या बाजूवरही लॅटिन आहे, हे निराळे सांगावयास नको.

आता कोऱ्या तबकड्यांविषयी. विद्यार्थिनीने पेटी केली. आत घालावयाचा खेळ मात्र तिच्या हातातला नाही. तो आपल्या हातातला आहे. आमच्या बहुतेक देवस्थानांत जत्रेचा जमाखर्च चोख लिहिला जातो. दिव्यांना किती, मांडवाला किती, मंडळीच्या बिदागीला किती, हे दहा वर्षांपूर्वीचेही वहीत सापडेल. त्या रात्री संकासुर कोणी केला, मृदंगावर कोण होता, आख्यान कोणते लागले, हे मात्र सापडेलच अशी खात्री देता येत नाही. बिदागीच्या आकड्यासमोर एक ओळ वाढविली तर खर्च काही नाही. ध्वनिचित्रमुद्रण आज हातातल्या फोनवर होते आणि तबकडीऐवजी दुसऱ्या एखाद्या साधनात साठविले जाते. साधन बदलत राहील. नावांची ओळ मात्र कोणत्याही साधनाबरोबर जाऊ शकते, आणि साधन बिघडले तरी वहीत राहते. महाजनांनी आणि देवस्थान समित्यांनी येत्या जत्रांपासून एवढे मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थिनीस आमचे सांगणे इतकेच की, तिच्या ठिकाणी दृष्टी आहे. तांबडी तबकडी आणि मोगऱ्याच्या कळ्या ज्या हाताला सुचल्या त्याच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिने पेटीची मागची बाजू पुन्हा करावी. त्यासाठी संगणकापुढे बसण्याआधी येत्या काल्याच्या रात्री रंगपटात जावे, चेहऱ्याला रंग लावीत बसलेल्या मंडळींना त्यांची नावे आणि गावे विचारावीत, त्यांनी सांगितली तशी लिहून घ्यावीत आणि त्यांनाच वाचून दाखवावीत. नावे पुष्कळ होतील आणि जागा अपुरी पडेल. तेव्हा छायाचित्रे कमी करावीत.